काळ्या रश्श्याचा नमुना

"मॅडम, तुमचा तांबडा-पांढरा झकासच असतो, माझं काही म्हणणं नाही," अविराज कँटीनच्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "पण आमच्या डाळजचा काळा रस्सा एकदा खाल्लात, तर कोल्हापूरचा रस्ता विसराल!"

टेबलावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. कारण रतन मॅडम नुसत्या कोल्हापूरच्या नव्हत्या, तर अविराजच्या टीम लीडही होत्या. पुढच्या महिन्यात त्याला जर्मनीच्या प्रोजेक्टवर पाठवायचं की इथंच ठेवायचं, हे त्यांच्याच हातात होतं.

"असं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग येते शनिवारी दुपारी जेवायला."

"मीपण!" शेजारची राजलक्ष्मी म्हणाली. ती पक्की पुण्याची. फुकट जेवणाला नाही म्हणायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

"याच की! मी स्वतः करणार!"

आता 'स्वतः करणार' म्हणजे काय, हे त्याचा रूममेट माऊली सांगू शकला असता. खराडीच्या त्या फ्लॅटमध्ये अविराजनं आजवर केलेला सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे दोन मिनिटांच्या नूडल्स, आणि त्यांनाही त्याला अकरा मिनिटं लागायची! बाकी सगळा संसार मोबाइलवर. डिलिव्हरीवाले त्याला घरच्यांपेक्षा जास्त भेटायचे.

पण अविराजकडे हुकमी एक्का होता. आईचा काळा मसाला! गेल्या रविवारी गावाहून निघताना प्रयागबाईंनी अर्धा किलो बांधून दिला होता. "चार चमचं घाल. बाकी तुला काय येवो न येवो, कालवणाला चव येतीच," असं आश्वासनही दिलं होतं.

नेमकी त्याच वेळी आबासाहेबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, आणखी एक पिशवी त्याच्या हातात ठेवली. तीही अर्ध्या किलोची. तिच्यात विहिरीकडच्या रानातली काळी माती होती. ऊस मोडून तिथं केळी लावायचा आबांचा विचार होता, म्हणून पुण्यात माती तपासून घ्यायची होती. आबांनी ती वाळवली, कुटली आणि हौसेच्या भरात प्रयागबाईंच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. चाळणीवरून घरात झालेलं भांडण वेगळं!

"ही चिठ्ठी हरवू नगं," आबा म्हणाले. "नाव आन् गट नंबर हाय तिच्यात."

एसटीनं पाटस गाठेपर्यंत चिठ्ठी सुटून बॅगेच्या तळाशी गेली. सोमवारी माती तपासणाऱ्यांच्या दारात अविराजनं बॅग उघडली, तर दोन पिशव्या. दोन्ही काळ्या, दोन्ही मऊसूत, दोन्ही एकाच सुतळीनं बांधलेल्या. मसाल्याचा वास तर दोन्हींनाच काय, त्याच्या चार्जरलाही येत होता.

"आईचा मसाला ओळखता येत नाही असा काय मी परक्या घरात वाढलोय?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं एका पिशवीला चिठ्ठी डकवली आणि देऊन मोकळा झाला.

शनिवार उजाडला. अविराजनं कांदा भाजला. खोबरंही भाजलं, खरं म्हणजे जाळलं. लसणाच्या फोडणीनं अख्ख्या मजल्याला ठसका लागला. त्या धुरात नाकाचं काम केव्हाच थांबलं होतं. त्यानं पिशवी फोडली आणि मोजून चार चमचे पातेल्यात घातले. आणि काय तो रंग! अमावास्येच्या रात्रीलासुद्धा इतका काळा रंग साधला नसता!

"दाटपणा बघ!" त्यानं माऊलीला पळी दाखवली.

"दाट हाय खरं," कऱ्हाटीचा माऊली पातेल्यात वाकून म्हणाला. "पण वास कसा, रानात पाटाचं पाणी सोडल्यावानी येतोय रं."

"अरे, गावाकडचा वास आहे तो! तू शहरात राहून विसरलास!"

दीड वाजता पंगत बसली. मॅडमनी पहिला भुरका मारला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. अविराजचा जीव टांगणीला.

"वेगळंच आहे," मॅडम म्हणाल्या. "एकदम मातीतली चव!"

"तेच तर मॅडम!" अविराज आनंदानं उडालाच. "हे हॉटेलात मिळत नाही!"

"दाताखाली थोडं कचकचतंय का?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"दगडी पाट्यावर वाटलेला मसाला आहे. पाट्याचा गुण उतरतो."

"हो का!" म्हणत राजलक्ष्मीनं आणखी एक वाटी घेतली. मॅडम तर तिसऱ्या वाटीवर होत्या. अविराजला समोर जर्मनीचं विमान दिसायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून त्यानं कोपरानंच स्पीकर चालू केला.

"अवि!" आबा असे ओरडले की शेजारच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकलं. "आरं, रानात तेल लागलंय!"

"काय?"

"तेल, तेल! माती तपासनाऱ्यांचा फोन आलता. आपली माती पान्यात टाकली तर वर तेलाचा तवंग आला म्हनं! शेजारचा गेणू म्हनतो, अरबस्तानात आसंच सुरू झालं हुतं!"

पंगतीत आनंदाची लाट उसळली. "अभिनंदन काका!" राजलक्ष्मी ओरडली.

"आन् दुसरं म्हंजे," आबा जरा बुचकळ्यात पडून म्हणाले, "मातीला धन्या-जिऱ्याचा वास येतोय म्हनत्यात. एक मानूस तर शिंकून शिंकून घरी गेला. पर धनं आपुन कवाच लावलं न्हाय की त्या रानात!"

अविराजच्या हातातली पळी तशीच हवेत राहिली. तो पातेल्याकडं बघायला लागला. माऊली अविराजकडं. मग माऊली उठला, ओट्यावरची पिशवी उचलली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि शेतकऱ्याच्या पोराला शोभेल अशा ठामपणे म्हणाला, "काळी कसदार हाय!"

"आबा," अविराजचा आवाज जात्यातून यावा तसा आला, "तेल लागलं नाही. मसाला तिकडं गेलाय."

"आन् माती?"

"माती... आम्ही जेवतोय."

पलीकडं फोनची ओढाओढ झाली. मग प्रयागबाईंचा आवाज आला, "आर्धा किलो मसाला पान्यात घातला व्हय रं मेल्या!" पोरगं माती खाऊन बसलंय याचं त्यांना काही नव्हतं!

राजलक्ष्मी पांढरीफटक पडली होती. "काका, त्या मातीत... काय काय असतं हो?"

"काय वंगाळ न्हाय ताई. नुसतं कोंबडी खत टाकलंय."

राजलक्ष्मी बेसिनकडं धावली. मागून आबांचा आवाज आला, "पर नमुना त्येच्या आदी काढल्याला हाय! घाबरू नगा!"

अविराजनं मॅडमकडं बघायची हिंमत केली. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय! पण छे! मॅडम हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ठसका लागला. "अविराज," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुझं जर्मनीला जायचं नक्की. तू जितका लांब शिजवशील तितकं आमच्या तब्येतीला बरं!"

अविराजला रडावं की नाचावं कळेना. पण फोन चालूच होता.

"कोन म्याडम हायती का तितं?" आबांचा आवाज एकदम मऊ आला. "म्याडम, तुमी किती वाट्या खाल्ल्या?"

"तीन, काका."

"तीन! मंग तुमीच खरं सांगशीला. त्या रानाला मीठ फुटलंय का काय, ह्येची मला लई काळजी लागलीया. चवीला खारट लागली का?"

मॅडमनी हसू आवरलं, वाटीत बोट बुडवून चाटलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हो काका. बऱ्यापैकी खारट आहे."

"गेलं!" आबा मटकन बसल्याचं फोनवरसुद्धा ऐकू आलं. "केळीचं रान गेलं! आगं ए, बाईच सांगत्यात!"

"आबा, मीठ मी घातलंय!" अविराज ओरडला.

"किती?"

"दोन चमचे!"

"च्याचं का पोह्याचं?"

"आठवत नाही!"

आबा पलीकडं चमच्यांचा हिशेब पुटपुटायला लागले. मग त्यांनी घसा खाकरला.

"मंग ह्यो नमुना धरता येत न्हाय. म्याडम, फुडल्या शनवारी पुन्यांदा माती धाडतो. तेवढं ह्याला सांगा, आळनी शिजव म्हनावं!"