तीन चिताऱ्यांनी एक गंजिफा रंगविला, त्याची हकिकत

श्री. ज्याने अवघी सृष्टी एके हाते रंगविली आणि तरी झाडाची दोन पाने सारखी केली नाहीत, त्यास आधी नमस्कार, मग मजकूर. शके सोळाशे चौऱ्याऐंशी, चित्रभानु नाम संवत्सरे, आषाढमासी एके राज्यात वर्तमान ऐसे जाहले की, थोरले सरकार व धाकटे सरकार, सख्खे बंधू, यांचे एका गढीवरून वाकडे आले आणि चार वर्षे बोलणे बंद पडले. मातुश्री आईसाहेब यांणी उभयतांस दसऱ्यास गंजिफा, म्हणजे रंगविल्या पानांचा डाव, खेळावयास बोलाविले आणि दोघेही येतो म्हणाले, मग पेटी उघडून पाहतात तो गंजिफ्यास वाळवी लागलेली. तेव्हा चित्रशाळेचे दारोगे तिमाजीपंत यांस आज्ञा जाहली की, "दसऱ्याआधी नवा दशावतारी गंजिफा करवावा, एकशेवीस पाने. पाठीवरून एक जरी पान ओळखू आले तरी लबाडीचा बोभाटा होईल आणि माझी मुले उठून जातील, ती पुन्हा बसावयाची नाहीत." पंतांची पाचावर धारण बसली.

एका चिताऱ्याचे हातून इतके काम होणे नव्हते, मग तीन गावचे तिघे नेमिले, गोमाजी, सटवोजी आणि रवळू, आणि तिघांस एकच आज्ञापत्र धाडिले की, राजा राजस काढावा, मत्स्य तेजस्वी काढावा, पाठ तांबडी करावी. पंत आपल्या लेखणीचे मोठे अभिमानी. पत्र दोनदा वाचून स्वतःच डोलले. श्रावणात नमुन्याची पाने आली ती पाहून मात्र डोलणे जागीच थांबले. गोमाजीचा राजा मिशाळ, सटवोजीचा गोसाव्यासारखा जटाधारी, आणि रवळूचा पोट सोडून विडा चघळीत बसलेला; पाठी पाहाव्या तर एक कुंकवाची, एक विटेची, एक डाळिंबाची. पंतांनी रागे भरून दुसरे पत्र लिहिले, पहिल्याचे तिप्पट लांब, आणि त्यात राजस या शब्दाचे सात अर्थ फोडले, आणि पुढची पाने आणखी बिघडली. मग तिघांस समक्ष बोलाविले आणि पुसिले, "रवळू, हा राजा कोठला?" रवळू म्हणाला, "पंतांनू, राजा म्हटल्यार माका आमचो खोतच दिसता. दुसरो राजा मियां खंय बघलंय? तुमचो कागद बरो आसा, पण कागदार रंग नाय. एक पान रंगवून द्या, मगे बघा."

पंतांस बहुत लाज वाटली आणि ती त्यांनी गिळिली, हेच त्यांचे थोरपण. गोमाजीस समोर बसवून, हा नव्हे, हा नव्हे, करीत अखेर हाच म्हणावा ऐसा राजा काढविला, त्याच्या नकला तिघांस दिल्या, आणि ज्याचे त्याचे बिघडलेले पानही चुकीस शाईचे गोल करून सोबत दिले, म्हणजे हवे ते कळावे आणि नको तेही. पाठीचा तांबडा एकाच रांजणात घोटून तीन मडक्यांत वाटला. तेजस्वी हा शब्द पुन्हा तोंडावाटे काढणार नाही ऐशी शपथ पंतांनी वाहिली.

दसऱ्यास बंधू आले आणि एकमेकांकडे न पाहता बसले. थोरले सरकारांनी तीन डाव नुसत्या पाठी न्याहाळिल्या, पाने उन्हाकडे नेऊन पाहिली, आणि पंत खांबाआड उभे. शेवटी थोरले सरकार म्हणाले, "एके हातचे काम आहे. चितारी कोण?" आईसाहेब बोलिल्या, "तिघे आहेत. तीन गावचे." तेव्हा धाकटे सरकार हसले आणि म्हणाले, "दादा, खोटे वाटते ना? मलाही वाटले." चार वर्षांत हा पहिला शब्द. थोरले सरकारांनी पाने गोळा करून त्यांचेपुढे सारिली आणि म्हणाले, "वाट पाने."

गढीचा तंटा त्या दिवशी मिटला नाही, परंतु डाव दिवेलागणीपर्यंत चालला आणि कार्तिकात पुन्हा बसला. रवळूचा तो पोटसुट्या राजा पंतांनी मागून घेतला आणि पुढे जन्मभर कोणास नवे काम सांगणे जाहले म्हणजे तो आधी पुढे ठेवीत आणि मग तोंड उघडीत. ऐकिले तैसे लिहिले, रंग ज्याचा त्याने भरावा.