देवाला न दाखवलेली गाडी

रत्नव्वाने नव्या गाडीवरून लिंबू उतरून चाकाखाली ठेवले, नारळ फोडला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, "सोमवारी आपल्या कुलदैवताला, वीरभद्राला गाडी दाखवल्याबिगर घरच्या माणसानं आत पाय ठेवायचा न्हाय."

नागाप्पाचा उजवा पाय त्या वेळी जमिनीपासून वीतभर वर होता. तो तसाच हळूच खाली आला.

गाडी म्हणजे सुमो. ती रस्त्यावर येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात ज्याच्या दारात सुमो त्याला रस्त्यात माणसे आपण होऊन वाट देत. नागाप्पाचे लक्ष्मीपुरीत बारदानाचे दुकान. वीस वर्षं त्याने गुळाच्या अडत्यांना पोती पुरवली आणि वीस वर्षं एकाच स्कूटरवरून. ती स्कूटर डावीकडे आडवी करून, तिच्या कानात चार शब्द बोलल्याशिवाय चालू होत नसे. तिच्यावरूनच तो रत्नव्वाला माहेरी जयसिंगपूरला नेई. दारात पोचला की मेहुणा महांतेश दोघांच्या अंगावरची धूळ बघत म्हणे, "दाजी, हिला आणली का पेरून आणली?"

आता त्याच महांतेशच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत महिन्याभरावर आली होती. त्या दारात सुमो उभी करायची, चष्मा काढून पुसायचा आणि काही बोलायचे नाही, एवढेच नागाप्पाच्या मनात होते. त्यासाठी वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याने गाडी शिकून घेतली होती. लायसन शर्टाच्या खिशात होते. झोपताना ते बंडीच्या खिशात जाई.

"चार दिवसांचा तर प्रश्न हाय," रत्नव्वा म्हणाली. "तुमच्या आजाचं इसरला काय?"

आजाचे कोण विसरणार? त्याने नवी बैलगाडी देवाला न दाखवता बाजाराला नेली होती. संध्याकाळी बैल आले, गाडी आली, गाडीतले मीठसुद्धा आले, आजा आला नाही. तो चौथ्या दिवशी चालत आला. कुठे होता ते मरेपर्यंत त्याने सांगितले नाही. मात्र गाडी दिसली की तिला नमस्कार करून लांबून जायचा.

तेव्हा देवाला जाईपर्यंत गाडी हलवायला पिराजीला ठेवले. पिराजी दुधाच्या टँकरवरून निवृत्त झालेला. हात बसलेला होता, पण सवय अशी की प्रत्येक गावाच्या दूध संस्थेसमोर गाडी आपोआप थांबायची आणि तो दोन मिनिटे कुणीतरी कॅन घेऊन येईल म्हणून वाट बघायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गणपतराव आले. साखर कारखान्यातून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायरला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "नागाप्पा, नवं इंजन असं हुबं ठेवू नये. आखडतंय. आज मला जरा बँकंत जायचं हाय."

"न्यायला काय न्हाय, पर हिनं काल सांगितलं की. देवाला दाखवल्याबिगर..."

"घरच्या माणसानं म्हटल्या त्या वहिनी. मी कुठं घरचा?"

नागाप्पा त्यांच्याकडे बघतच राहिला. तीस वर्षं हा माणूस 'मी काय परका हाय व्हय' म्हणत त्याची शिडी, त्याचे वर्तमानपत्र आणि दर गुरुवारी वाटीभर साखर नेत आला होता. तो आज पहिल्यांदा परका झाला आणि पुढच्या सीटवर बसून बँकेत गेला. बँक चालत तीन मिनिटांवर होती. गाडी दुपारी तीनला आली.

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात नागाप्पाच्या दारी जो तो येऊन आपण किती परका आहे ते सांगू लागला. समोरच्या बायडाबाईने तर तिची आणि रत्नव्वाची जातसुद्धा एक नाही, देवही एक नाही, असे पुराव्यानिशी सांगितले आणि दळण घेऊन गेली. पिराजीला जो मोठ्याने बोलेल तो मालक वाटे, आणि कोल्हापुरात हळू बोलणारा कोण?

रविवारी गणपतरावांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम आजऱ्याला निघाला. "सांच्याला माघारी," गणपतराव म्हणाले. "उद्या तुमचा देव हाय, मला ठाऊक न्हाय व्हय?"

सोमवारी नागाप्पा अंघोळ करून, विभूती लावून सहा वाजल्यापासून दारात उभा. आठ वाजले. दहा वाजले. रत्नव्वाने परडीतल्या फुलांवर दोनदा पाणी शिंपडले. गाडी संध्याकाळी सहाला आली. आजऱ्याच्या पाहुण्यांनी जेवल्याशिवाय सोडले नव्हते आणि जेवल्यावर झोपल्याशिवाय सोडले नव्हते. मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती आणि काजूची एक पिशवी बसून आली होती.

"पोरगी पसंत पडली," गणपतराव उतरत म्हणाले. "गाडीचा पायगुण चांगला हाय, नागाप्पा. तुमी बसून बघा एकदा."

त्या आठवड्यात नागाप्पाचे दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाइकाने शंभर पोती मागितली तर तो दहा देई आणि दहा मागितली तर घरी निघून येई. गाडी दारात असली की तिच्याभोवती फिरे, नसली की ती उभी राहत असे त्या जागेभोवती फिरे. एका दुपारी रत्नव्वाचा डोळा लागलेला पाहून त्याने अलगद दार उघडले आणि सीटच्या कडेवर अर्धेच बूड टेकले. सीटवरचे प्लॅस्टिक असे काही करकरले की आतून आवाज आला, "अवो, काय मोडलं?"

"काय न्हाय."

"बसलासा?"

"अर्धाच."

रत्नव्वाने त्याला देवापुढे उभे करून माफी मागायला लावली. अर्ध्या बसण्याबद्दल अर्धा नारळ चालेल का, असे त्याने विचारले. त्या संध्याकाळी आमटीत मीठ नव्हते.

दुसरा सोमवार उजाडला. गाडी दारात, पिराजी गाडीत, फुले परडीत. आज कुणी मागायला आले तर नाही म्हणायचे, हे नागाप्पाने आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिले होते. तेवढ्यात बायडाबाई पदर खोचून पळत आली. पेठ वडगावला दिलेल्या तिच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला होता आणि जावयाचा ट्रॅक्टर उसात अडकला होता.

आता याला नाही म्हणणारे तोंड कुठून आणायचे? नागाप्पानेच दार उघडून दिले. अर्थात बाहेरून.

जाताना पिराजी वाटेतल्या तीन दूध संस्थांसमोर थांबला, लेकीला घेऊन येताना दोनच. तिसरीची वेळ पोराने येऊ दिली नाही. पंचगंगेच्या पुलावर, मधल्या सीटवर, बायडाबाईला नातू झाला. पिराजीने गाडी न थांबवता फक्त वायपर चालू केले. का, ते त्यालाही सांगता आले नाही.

बाळ-बाळंतीण दवाखान्यात सुखरूप पोचली. गाडी धुऊन, पुसून, उदबत्ती लावून बायडाबाईसकट दारात आली. नागाप्पा घड्याळ बघत म्हणाला, "आत्ता कुठं बारा वाजल्यात. निघालो तर देवाला पोचतोय की."

"अगा, कुठं निघालास?" बायडाबाई म्हणाली. "सोयर हाय की गाडीला. बारा दिवस देवाचं नाव काढायचं न्हाय."

रत्नव्वा पुढे झाली. "आमच्यात सोयर-सुतक पाळत न्हाईत, बायडाबाई. पयल्यापासनं न्हाय."

"तुमच्यात न्हाय, पर पोर कुणाचं? आमचं. आमच्यात हाय."

"आणि गाडी कुणाची?"

"गाडी तुमची, सोयर आमचं. तुला न्हाय लागत ते, रत्नव्वा, तू खुशाल देवळात जा. गाडीला लागलंय."

गल्लीने यावर दोन तास विचार केला आणि बायडाबाईचे बरोबर ठरवले. रत्नव्वानेही परडी आत नेऊन ठेवली. आपल्या देवाचा प्रश्न असता तर ती भांडली असती, पण दुसऱ्याच्या लेकराला काही झाले तर बोल नको. मग ओघानेच असे ठरले की सोयर असलेल्या गाडीत सोयर असलेल्यांनीच बसावे, आणि बारा दिवस गाडी बायडाबाईच्या घरचा डबा दवाखान्यात आणि दवाखान्यातले पाहुणे वडगावला नेत राहिली. बारशाला बाळाचे नाव सोमनाथ ठेवले. सोमवारी झाला म्हणून, असे बायडाबाई सांगे. पिराजी म्हणे, सुमोत झाला म्हणून.

इकडे महांतेशचा फोन आला. "दाजी, गाडी घेतलीसा म्हणं. येत्या रविवारी वास्तुशांत हाय. गाडी घेऊनच या, का अजून कागदावरच हाय?"

उरला तो एकच सोमवार.

त्या सोमवारी नागाप्पा पाचला उठला. सोयर फिटले होते. झेंडूचा हार स्वतः जाऊन घेऊन आला. रत्नव्वा इरकल नेसून बाहेर आली, गाडीपर्यंत गेली आणि थबकली.

"अवो, देवाला दाखवल्याबिगर बसायचं न्हाय. मग देवाला जायचं कशातनं?"

चार आठवड्यांत हा विचार दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. गल्लीच्या डोक्यात मात्र आला होता, कारण गाडीची काच खाली झाली आणि आतून गणपतरावांचा फेटा बाहेर आला. त्यांच्या मागे बायडाबाई, बायडाबाईची जाऊ आणि आणखी सहा जण बसले होते.

"रिकामी गाडी देवाला नेत न्हाईत, वहिनी," गणपतराव म्हणाले. "देवापुढं रिकामं ताट ठेवतंय का कोण? आमी भरून नेतो. तुमी मागनं या स्कूटरवरनं. यील की, कुठं लांब हाय?"

सत्तर किलोमीटर होते. सुमो धुरळा उडवत पुढे गेली. मागून नागाप्पाने स्कूटर आडवी केली, तिच्या कानात चार शब्द बोलला आणि ते शब्द देवाला जाणाऱ्याने बोलायचे नव्हते. कागलच्या पुढे चाक बसले. निपाणीच्या पुढे पाऊण तास नुसती रत्नव्वा बसली, दगडावर, इंजिन गार होईपर्यंत.

दोघे देवळापाशी पोचले तेव्हा पूजा उरकली होती. गाडीला हार होता. गणपतरावांच्या कपाळाला विभूती, खांद्यावर देवाचा शेला आणि हातात फुटलेला नारळ.

"हे काय?" नागाप्पा धापा टाकत म्हणाला.

पुजारी म्हणाला, "मालक कोण म्हणून इचारलं. कोणच बोलंना. हे फुडं बसल्यालं, फेटा बांधल्यालं. मग ह्यांच्याच नावानं पूजा घातली."

"अहो, गाडी माझी हाय."

"आसंल. पर देवाच्या कानावर गणपतराव म्हणून घातलंय. घातलेलं तासाभरात माघारी घ्यायचं म्हणजे देवाला काय वाटंल? फुडल्या सोमवारी या, नाव बदलून घालू."

पुढचा सोमवार वास्तुशांतीच्या रविवारनंतर येणार होता. नागाप्पा स्कूटरच्या पायदानावर बसला. डोळ्यांपुढे जयसिंगपूरचा बंगला, दारात महांतेश, आणि आपल्या अंगावर धूळ. गणपतराव शेला सावरत म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नका, नागाप्पा. मी काय परका हाय व्हय?"

रत्नव्वाने पदराने तोंड पुसले आणि शांतपणे विचारले, "स्वामी, म्हंजे आत्ता देवाच्या लेखी गाडी गणपतभावजींची?"

"व्हय."

"मग आमी ह्या गाडीच्या घरचे न्हवं."

"न्हवं."

"मग आमाला बसायला हरकत न्हाय."

पुजाऱ्याने देवाकडे पाहिले. देवाचे काही म्हणणे दिसले नाही. "न्हाय," तो म्हणाला.

"भावजी, तुमचं कुलदैवत कुठलं?"

"जोतिबा की," गणपतराव अभिमानाने म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरू लागला.

"तुमची नवी गाडी तुमच्या जोतिबाला दाखवली?"

"अवो वहिनी, त्याचं काय..."

"दाखवल्याबिगर घरच्या माणसानं आत पाय ठेवायचा न्हाय. बायडाबाई, बरोबर हाय का न्हाय?"

"बरोबर हाय," बायडाबाई म्हणाली. परतीच्या वाटेत पुढची सीट रिकामी होणार, हे तिने केव्हाच हेरले होते. पण त्या सीटवर रत्नव्वा बसली. पिराजी मागे गेला. नागाप्पाने खिशातले लायसन चाचपले, चष्मा पुसला आणि चावी फिरवली. मागे वळून पाहिले तेव्हा गणपतराव शेला कमरेला बांधून स्कूटर उजवीकडे आडवी करत होते. ती डावीकडे करायची असते, हे सांगायचे नागाप्पाच्या ओठावर आले होते, पण गाडी तोवर दुसऱ्या गिअरमध्ये पडली.

रविवारी जयसिंगपूरला वास्तुशांतीचा मांडव गच्च भरला होता. नागाप्पाने सुमो बरोबर महांतेशच्या फाटकात उभी केली. रत्नव्वा उतरली, तिच्या इरकलीची घडीसुद्धा मोडली नव्हती. नागाप्पाने चष्मा काढला.

"रविवार हाय," ती कानाशी कुजबुजली. "सोमवारपातुर गाडी आपली म्हणायची न्हाय. म्हटलासा तर आपण पुन्यांदा घरचे, आन् आपल्या नावानं देवाला दाखवल्याली न्हाय. मग जायचं कशातनं?"

स्कूटर गणपतरावांनी निपाणीत एका ओळखीच्याच्या दारात सोडली होती.

महांतेश चार पाहुण्यांना घेऊन लगबगीने आला. त्याने गाडीला हात लावला, आत डोकावला आणि प्लॅस्टिकचा वास घेतला. कधी नव्हे ते त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होते. "वा, दाजी. कुणाची म्हणायची?"

नागाप्पाने पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. रत्नव्वाकडे पाहिले. ती आकाशाकडे पाहत होती.

"शेजारच्यांची," तो म्हणाला.

"मला वाटलंच," महांतेशने पाहुण्यांकडे बघत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी कवा घेणार मग?"