दाढीची दाढ केली त्या मोहिमेची हकीकत

सर्वांनी कान देऊन ऐकावे. हवा भरून पुतळे उभे करणारे एक कारखानदार घराणे, त्याचा अवघा कारभार आईसाहेबांचे हाती, त्या घराण्याची अब्रू एका इतवारी सकाळी कैसी जाता जाता राहिली, ती हकीकत येणेप्रमाणे. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास थोडे.

कारखान्याचा फोन खुद्द आईसाहेबांचे कमरेस असे आणि त्यास दुसऱ्याने हात लावावा ऐसी कोणाची मजाल नव्हती. एके दिवशी दंतवैद्यांनी कळविले की, मोफत तपासणीच्या शिबिरास लोक फिरकत नाहीत, सबब दुरून नजरेत भरेल ऐसी पंधरा फुटी पांढरी दाढ करून द्यावी. शिलाईयंत्रांची घरघर चालली होती आणि आईसाहेबांचे कानी 'दाढी' पडले. मग सूनबाईंनी पुसले, दंतवैद्यास दाढी कशास? तेव्हा जबाब मिळाला की, मोठ्यांच्या मोठ्या हौसा, तू टाके घाल. सूनबाईंनी घातले.

मग मोहिमेचे दिवशी फौज टेम्पोत बसून शाळेच्या मैदानी दाखल जाहली, आणि दोऱ्या ताणल्या, आणि वाळूच्या पिशव्या ठेविल्या, आणि पंखा सुरू होताच पंधरा फुटी, दुशेंडी, शुभ्र दाढी पीळदार मिशांसह डौलाने उभी राहिली. दंतवैद्य मटकन खुर्चीत बसले.

"अहो, मी दाढ सांगितली होती! दाढ!"

"मग तोंड उघडून सांगायचं. दातांचे डॉक्टर, आणि बोलता दात आवळून!"

आईसाहेबांचे यजमान, ज्यांस मालक म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांनी मसलत दिली की, हवा सोडून मुकाट घरी कूच करावे. ती नेहमीप्रमाणे कोणी ऐकिली नाही. इतक्यात सूनबाई चारचौघांत बोलून गेल्या, "आई, आजपासून फोन माझ्याकडे द्या. तुम्हाला ऐकू येत नाही."

हे मात्र आईसाहेबांस स्वच्छ ऐकू आले. त्यांनी फर्माविले की, नऊचे ठोक्यास येथे दाढ उभी नसेल, तर फोन तुझा. तेव्हा सव्वाआठ जाहले होते.

मग आईसाहेब दाढीभोवती फिरल्या आणि पाठीमागे येऊन थबकल्या. केसांच्या रेघा पुढूनच रंगविल्या होत्या, कारण पाठ कोण पाहतो? पाठ कोरी पांढरी, आणि खालच्या दोन शेंड्या म्हणजे हुबेहूब मुळे. हुकूम सुटला, "फिरवा हिला! आणि मिशा छाटा!"

कात्री लागताच दाढीने मान टाकिली. भोके बुजविणे जरूर, आणि तितका चपळ हात साऱ्या फौजेत एकच, तो सूनबाईंचा. मोठा पेच पडला. आईसाहेबांनी विनंती केली नाही, मिशीचा तुकडा भोकावर दाबून धरिला आणि म्हणाल्या, "टाके वाकडे आले तर लोक नाव तुलाच ठेवतील."

सूनबाईंनी दातओठ खाल्ले आणि सुई ओवली. "धरा नीट. हलू नका."

आईसाहेब हलल्या नाहीत. उभ्या हयातीत दुसऱ्याचा मानिलेला हा पहिला हुकूम.

नवास दोन मिनिटे कमी असता पंधरा फुटी दाढ उभी राहिली, आणि पोरे धावली, आणि पोरांमागे आया, आणि रांग फाटकाबाहेर गेली. एका आजोबांनी तर तिच्यावरच बोट ठेवून आपले दुखणे नेमके कोठे ते दाखविले. दंतवैद्यांचे बत्तीसही दात दिसले.

घरी परतल्यावर तह जाहला. फोन आईसाहेबांचे कमरेस कायम. मात्र बोलणे चालता स्पीकर खुला राहील आणि सूनबाई शेजारी बसतील. हे कलम सूनबाईंनी मागितले नव्हते. आईसाहेबांनी आपण होऊन घातले आणि कारण कोणी पुसू नये ऐसी सक्त ताकीद दिली. मोहीम फत्ते, ऐसे नोंदविले असे.