आपले निमंत्रण रद्द करण्यात आले आहे

"मोठ्या बाबांनाही पाठवलंस?" तात्याराव ओव्हाळांनी विचारलं, आणि चहाचा कप बशीत ठेवायचा तो बशीच्या शेजारी ठेवला.

"सगळ्यांनाच पाठवलंय," मोबाईलवरून मान वर न करता प्रज्ञेश म्हणाला. "पप्पा, हे ॲप एकदम भारी आहे. प्रत्येकाला नाव घालून निमंत्रण जातं. येणार, नाही येणार, नक्की नाही, असे पर्याय आहेत. जो उत्तर देत नाही त्याला ॲप स्वतःच आठवण करत राहतं. आपल्याला काही करावं लागत नाही."

तात्याराव घाबरले. तसा हा माणूस भित्रा नव्हता. पाटबंधारे खात्यात त्यांनी भल्याभल्या साहेबांना तोंड दिलं होतं आणि निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या चौकात ते सिग्नलकडे न बघता रस्ता ओलांडत. पण गावाकडच्या थोरल्या भावाचं, दत्तोबांचं नाव निघालं की ते बसल्या जागी सावरून बसत. सगळ्या भावकीचीच ती अवस्था होती.

दत्तोबांना बोलावण्याची एक रीत होती. घरी जायचं, वाकून जयभीम करायचा, पत्रिका दोन्ही हातांनी द्यायची. मग ते म्हणत, "बघू." मग पुन्हा विनवायचं. मग ते म्हणत, "बघू कसं जमतंय." असं करत करत शेवटी ते येत, आणि येताना सगळं गाव आणत. यात कुणी काटकसर केली तर संपलंच. एका पुतणीच्या लग्नात वाढप्यानं जिलेबीचा आग्रह दुसऱ्यांदा केला नाही म्हणून ते पानावरून उठले, आणि त्यांच्यामागून अर्धा मांडव उठला. त्या पुतणीचे वडील अजून जिलेबीच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथवर जातात.

आणि नेमकं आत्ताच त्यांचं येणं गरजेचं होतं. तात्यारावांच्या मुलीचा, चैतालीचा साखरपुडा होता. चैताली आणि ऋषी साळवे रोज एकाच कंपनीच्या बसनं हिंजवडीला जात, आणि त्या रस्त्यावर बस इतका वेळ उभी असते की एकमेकांचं सगळं आयुष्य सांगून झाल्यावर लग्नाशिवाय बोलायला विषय उरला नव्हता. ऋषीचे वडील रावसाहेब साळवे कोथरूडचे, निवृत्त मुख्याध्यापक. बैठकीत त्यांनी बाकी काही मागितलं नाही. चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "देणंघेणं नको, मानपान नको. फक्त आपले थोरले बंधू हजर पाहिजेत. जिथं भाऊ भावाच्या दारी येत नाही, अशा घरी सोयरीक करताना आम्ही दोनदा विचार करतो."

तेव्हापासून तात्याराव "या रविवारी गावी जाऊन येतो" म्हणत होते. प्रत्येक रविवारी त्यांची कंबर धरत होती.

"काय पाठवलंय ते वाच," ते म्हणाले.

प्रज्ञेशनं वाचलं. "प्रिय दत्तोबा—"

"थांब! प्रिय दत्तोबा? अरे, आमच्या वडिलांचीसुद्धा त्यांना नुसतं दत्तोबा म्हणायची छाती नव्हती!"

"ॲप पहिलं नाव उचलतं, पप्पा. पर्सनल टच."

"पुढं वाच."

"प्रिय दत्तोबा, आपला प्रतिसाद अद्याप मिळालेला नाही. जागा मर्यादित आहेत. कृपया त्वरित कळवा." प्रज्ञेशचा आवाज जरा खाली आला. "ही तिसरी आठवण आहे. बघितलेत त्यांनी सगळे मेसेज. निळ्या खुणा आहेत."

स्वयंपाकघरातून चंपाबाई हात पुसत बाहेर आल्या. "जागा मर्यादित? थोरल्या दिरांना? अहो, तुम्ही फोन करा आधी."

तात्यारावांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तर पलीकडून कट केला गेला.

"काढ त्यांचं नाव त्यातून," ते ओरडले. "अजून एकही मेसेज जाता कामा नये!"

प्रज्ञेशनं तत्परतेनं नाव काढलं. ॲपही तत्परच होतं. दत्तोबांना लगेच संदेश गेला, "प्रिय दत्तोबा, आपले निमंत्रण रद्द करण्यात आले आहे. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

चैताली आतून विचारायला आली, काय झालं म्हणून, आणि कुणी सांगायच्या आधीच भावाचा चेहरा बघून रडायला लागली.

"परत घाल नाव! घाल परत!" चंपाबाई म्हणाल्या.

नाव परत घातलं. ॲपनं दत्तोबांना नवा पाहुणा समजून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी कळवलं की त्यांच्यासाठी एक जागा उपलब्ध झाली आहे. मग निमंत्रण. मग येणार की नाही येणार. मग आठवण. घाबरलेला माणूस जे करतो तेच प्रज्ञेशनं केलं, म्हणजे दिसेल ते बटण दाबलं. 'कार्यक्रम पूर्ण झाला' असं एक बटण होतं. कार्यक्रमच संपला तर आठवण कशाची करणार, असा त्याचा हिशेब होता.

मिनिटभरात चंपाबाईंचा फोन वाजला. रावसाहेब साळवे होते.

"नमस्कार. साखरपुडा झाला असं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. "आल्याबद्दल आमचे आभार मानलेत आपण. जेवण कसं होतं, तेही विचारलंय. आम्ही आलो होतो का, हे मी मंडळींना विचारलं. त्या नाही म्हणतात."

"अहो, ते मशीनचं काहीतरी झालं," चंपाबाई कशाबशा म्हणाल्या. "कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच आहे. आपण अगत्यानं यायचं."

"येऊ की. आपले थोरले बंधू येतायत ना?"

"त्यांना तर केव्हाच बोलावलंय," चंपाबाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं, म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली. फोन ठेवल्यावर त्यांनी प्रज्ञेशला शपथ घातली आणि ते ॲप डोळ्यांदेखत काढून टाकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी तात्याराव पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीनं भोरच्या पुढच्या गावी निघाले. पायांवर डोकं ठेवायचं आणि भाऊ हाणेल तेवढं खायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दत्तोबांच्या दाराला कडी होती. शेजारची बाई भांडी घासत होती.

"आबा व्हय? समाजमंदिरात हायती," ती म्हणाली. "समदी भावकी गोळा झालीया. पुन्याहून मोबाइलवर कायतरी आलंय म्हनं. सकाळधरनं तेच चाललंय."

तात्याराव समाजमंदिरापर्यंत गेले आणि कडुनिंबाच्या आडून त्यांनी पाहिलं. मधोमध दत्तोबा उभे होते. हातात मोबाईल उंच धरून ते मोठ्यानं वाचत होते, आणि प्रत्येक वाक्याला चहूबाजूंनी माना हलत होत्या. एकानं तर दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "रद्द!" हा शब्द तात्यारावांना स्पष्ट ऐकू आला. भावकीनं बहिष्काराचा ठरावच मांडलाय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. ते आल्या पावली मागं फिरले. घरी आल्यावर चंपाबाईंनी पुडा उघडला तर त्यात निम्मेच पेढे होते. भीतीनं भूक लागते, असं तात्यारावांचं म्हणणं पडलं.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलमध्ये साळव्यांकडची मंडळी वेळेवर येऊन बसली. ओव्हाळांकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पांढऱ्या साडीत चैताली इतकी सुरेख दिसत होती की तात्यारावांना तिच्याकडे बघवेना. आपल्या एका न केलेल्या रविवारच्या फेरीनं मुलीचं लग्न मोडणार, हे त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. रावसाहेब घड्याळ बघत होते.

"थोरले बंधू?" त्यांनी विचारलं.

"येतील," तात्याराव म्हणाले.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मग आणखी एक. जीपगाड्या, एक टेंपो, मागं मोटारसायकली. टेंपोतून फेटा बांधलेले दत्तोबा उतरले आणि काठी टेकत सरळ आत आले. तात्यारावांनी डोळे मिटून जयभीम केला.

"ते पोरगं कुठाय?" दत्तोबा गरजले. "मेसेज धाडनारं?"

प्रज्ञेश पाण्याच्या जारमागे होता. दत्तोबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. चैतालीनं हुंदका दिला. आणि दत्तोबांनी त्या पोराला सगळ्यांदेखत छातीशी धरलं.

"पाव्हनं," ते रावसाहेबांना म्हणाले, "आमच्या घरात बोलावनं कसं असतं ते बगा. माज्या हयातीत मला कुनी यवढं इनवलं न्हाई. पयला आला, मी गप. दुसरा आला, मी गप. मी मुद्दाम गप! तरी हे पोरगं इचारतंच हाय, येनार का, येनार का. भावाचा फोन आला तरी उचलला न्हाई. म्हनलं, बगू किती दम हाय."

"दादा, पण ते रद्द झालं ते—" तात्याराव चाचरले.

"तेच सांगतो! शेवटाला पोरगं रुसलं. जावा म्हनलं, न्हाई बोलवत. आन लगोलग आपनच समजूत काढाय परत आलं!" दत्तोबांनी उपरण्यानं डोळे टिपले. "समद्या भावकीला वाचून दावलं मी. बाप्ये रडले तितं. जेवान कसं हुतं ते तर जेवायच्या आदीच इचारलं पोरानं. यवढी काळजी कोन करतंय आजकाल?"

त्रिसरण पंचशील झालं, अंगठ्या घातल्या गेल्या, चैताली रडता रडता हसली. दत्तोबांची भावकी साऱ्या खुर्च्या व्यापून मागं उभीही राहिली. पानं मांडली गेली. दत्तोबा पहिल्या पंगतीत बसले आणि त्यांनी स्वतःहून जिलेबी मागून घेतली.

साळव्यांकडची मंडळी मात्र जागची हलेनात.

"चला ना साहेब," तात्याराव हात जोडून म्हणाले. "पान वाढलंय."

"बसू की," रावसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हातात मोबाईल होता. "मी आपलं सहज बघत होतो. आम्हाला एकदाच आला होता. आम्ही शिस्तीनं लगेच 'येणार' म्हणून कळवलं. त्यानंतर काही नाही. मग एकदम आभार. म्हणजे आम्हाला एकदा बोलावलं आणि एकदा वाटेला लावलं. मधे विचारपूस नाही, समजूत नाही. चालायचंच. आम्ही काय, मुलाकडचे."

त्यांच्या मागं बसलेल्या काका, मामा आणि आत्यांनीही एकेक करून आपापले मोबाईल काढले, आणि सगळ्यांचे चेहरे लांब झाले.

तात्यारावांनी प्रज्ञेशला खांबाआड ओढलं.

"ते ॲप परत घे."

"पप्पा, मम्मीनं शपथ घातलीय."

"तिला मी बघतो. लवकर कर. आणि हे बघ, आधी साळवेसाहेबांना रद्द कर."