पोह्यांच्या बशीशेजारचं रिव्हॉल्व्हर

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशीशेजारी रिव्हॉल्व्हर ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो पुढे माझा सासरा झाला.

सोलापुरात शुक्रवार पेठेतलं घर. मी जेऊरचा शाळामास्तर, सोबत माझे वडील, आबा. रिव्हॉल्व्हर दिसताच आबांचा घास घशातच अडकला. मी तर उठून उभाच राहिलो.

"बसा की, पाहुणं! घोडाच काढून टाकलाय त्याचा. उडायचं न्हाय," मुलीचे वडील दौलतराव प्रेमानं म्हणाले.

दौलतराव एका संस्थानाच्या शस्त्रागारात कोठीवर होते. नोकरी सुटताना हे जुनं, निकामी केलेलं हत्यार त्यांना बक्षीस मिळालं. तेव्हापासून भेटेल त्याला ते रिव्हॉल्व्हरचा इतिहास सांगत. त्या दिवशीही माझा पगार, गोत्र, काही विचारलं नाही. माझा हात ओढून मूठ वळायला लावली आणि तिच्यात चिमूटभर पोहे कोंबले.

"ही दारू." वर शेंगदाणा दाबला. "ही गोळी. मागनं ठिणगी पाडायला तांब्याची टोपी. गोरा साहेब एवढं भरूस्तवर समोरचा येऊन भिडायचा! अन् गोळ्यांच्या फिरत्या चक्राच्या एका घरातली ठिणगी शेजारच्या घरात गेली, की समदे बार एकदम. साहेबाची बोटं गेलीच. ध्यानात आलं का?"

आबांनी आपली बोटं धोतराच्या सोग्यात लपवली.

"मग आलं पितळी काडतूस. दारू, गोळी, टोपी, समदं एका नळीत. पर पयली नळी पातळ पत्र्याची. बार झाला की आतच अडकून बसायची."

"दौलतराव, मुलगी..." आबा कसेबसे म्हणाले.

"यील की. आदी काडतूस बाहीर काढू."

तेवढ्यात मुलगी, सरू, चहा घेऊन आली. तिनं रिव्हॉल्व्हर उचललं, पदरानं पुसलं, फळीवर ठेवलं आणि त्याच्या जागी चहा ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

बाहेर पडताच आबांनी घाम पुसला. "सून आणायची का तोफखाना?"

"मला मुलगी पसंत आहे," मी म्हणालो. आबांना त्या दिवसातला हा दुसरा धक्का.

लग्न झालं. आम्हाला निरोप द्यायला सगळे स्टेशनवर आले. बायका डोळे पुसत होत्या. दौलतराव मात्र खिडकीचा गज धरून मला मधोमध मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर समजावत होते. "एक झटका दिला, की रिकामी काडतुसं समदी बाहीर!" सरूकडे बघतसुद्धा नव्हते. मी थक्क झालो. पोटची पोर निघाली आणि या बापाला हे सुचतंय?

मग त्यांचं सांगून संपलं. हनुवटी थरथरायला लागली.

सरू पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, अगदी हळू. "त्यांना कायतरी विचारा की. आई गेली तवाबी तिला घरातनं नेईस्तवर असंच बोलत हुते. बोलायचं थांबलं, की लई रडतात."

शिट्टी झाली. गाडी हलली.

"मामा," मी ओरडलो, "पावसात दारू भिजली तर हो?"

"लई झ्याक विचारलंत, जावईबापू!" गाडीबरोबर ते चालू लागले, मग धावू लागले, हातवारे करत सांगू लागले. चाकांच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फलाट संपला तिथे ते उभे राहिले, तरी तोंड हलतच होतं.

ते दिसेनासे होईपर्यंत मी मान डोलावत राहिलो.