पाठक सरांच्या काखेतली नळी

आमचे शेजारी पाठक सर अनोळखी माणसाच्या ग्लासातला बर्फ बोटांनी उचलून रस्त्यावर फेकतात. नगर-मनमाड रस्त्यावरचे रसवंतीवाले त्यांना लांबून बघूनच बर्फावर गोणपाट ओढतात. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने त्यांची कॉलर धरली, तर सर त्याला म्हणाले, "कॉलर धरा, पण हात धुतलेत का?" मी मध्ये पडलो म्हणून निभावलं. असल्या माणसाच्या शेजारी राहणं म्हणजे डोक्याला ताप आहे हो.

सरांचं अख्खं आयुष्य पोटातल्या जंतूंवर गेलं. माणसाला आव होते, ती करणाऱ्या अमीबावर त्यांचं संशोधन. राहुरीत आमच्या गल्लीत कुणाचं पोट बिघडलं की सर डबी घेऊन दारात उभे. "आधी नमुना, मग सहानुभूती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर प्रसाद घेण्याआधी त्यांनी गुरुजींची नखं तपासली. गुरुजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आणि एका जागी बसणं तर सरांना ठाऊकच नाही. चहा उभ्याने, पेपर फेऱ्या मारत. याचं कारण त्यांच्या माजघरात आहे. तिथे एक जुना इन्क्युबेटर, म्हणजे ऊब देणारी पेटी, आणि तिच्यात काचेच्या नळीत सरांचे अमीबा. अंड्याच्या थरावर तांदळाची पिठी, हा त्यांचा खुराक. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नव्या नळीत हलवायचं आणि माणसाच्या अंगाइतकं गरम ठेवायचं, नाहीतर मेले. पाठकांच्या घरात अंडी जातात म्हणून गल्लीत काय काय बोललं गेलं ते विचारू नका.

लाइट गेली की सर चपला न घालता गॅलरीत धावतात आणि वायरमनला फोन लावतात. तो बिचारा म्हणतो, "सर, लाइट येईल की. तुमी लई घाई करता." पण पेटी गार पडते ना! मग सर बूच लावलेली नळी सरळ काखेत धरतात आणि हात दाबून येरझाऱ्या घालतात.

या नळीपायी ते कधी कुठे मुक्कामाला गेले नाहीत. राहात्याला भाचीच्या लग्नाला गेले ते नळी काखेत घेऊनच. मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे डाव्या हाताने अक्षता टाकायला लागले. मुलाकडची मंडळी चिडली. मग कुणीतरी सांगितलं की मामांना लकवा झालाय, तेव्हा सगळ्यांनी हळहळून त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. सर बसले, आणि वाढप्याला त्यांनी विचारलंच, हात धुतलेत का.

परवा भर दुपारी लाइट गेली. सर गॅलरीत दिसले नाहीत. थोड्या वेळाने आमच्याच दारात आले. अंगावर शाल, डोळे लाल, हातात नळी.

"मधू, मला ताप भरलाय. माझ्या काखेत हे भाजून मरतील. तुझं अंग बघू." त्यांनी थर्मामीटर पुसून माझ्या तोंडात कोंबला.

मी वैतागलो. तो तोंडातून काढून म्हणालो, मरू द्या की सर, तुमच्या जुन्या प्रयोगशाळेतलेच लोक सांगून गेले ना, याचा आता काही उपयोग नाही म्हणून?

तेव्हा सर चक्क खुर्चीत बसले.

"उपयोग नाहीच," ते म्हणाले. "लग्नानंतर पहिल्यांदा नलूला घेऊन काष्टीच्या बाजाराला गेलो होतो. उसाचा रस घेतला. ती नको नको म्हणत होती, मीच बर्फ घालायला लावला. आठवडाभर आवेने लोळली बिचारी. मी तेव्हा विद्यार्थी. मला वाटलं, आयता नमुना मिळाला. औषधाने ती बरी झाली. नळीतले मी वाढवत राहिलो."

नलूवहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर त्या नळीला सवत म्हणायच्या.

"तिच्या अंगातलं जिवंत असं आता एवढंच उरलंय रे," सर म्हणाले.

मी शर्टाची बटणं सोडली आणि नळी काखेत घेतली. गार लागली. सरांनी बूच एकदा चाचपून पाहिलं, नंतर साबणाने धू म्हणाले, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

बायको कोकम सरबताचे ग्लास घेऊन आली. माझा अवतार बघून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मी गप्प राहायची खूण केली. लाइट आली, पंखा फिरायला लागला, तरी सर हलले नाहीत. पेटी तापायला वेळ लागतो, म्हणून मी हात दाबून तसाच बसलो.

मग डाव्या हाताने सरांच्या ग्लासातला बर्फ काढला आणि खिडकीतून बाहेर टाकला.