मागच्या रांगेतली कडेची बाई

आमच्या कॉलनीत कुणाला हेडफोन घ्यायचा असला, तर माणूस दुकानात जायच्या आधी सोनकांबळे काकांकडे जातो. आणि काका सगळ्यात आधी कान बघतात. खरंच बघतात हो! खिडकीपाशी उजेडात बसवतात, चष्मा पुसतात, डावा-उजवा दोन्ही न्याहाळतात आणि मग विचारतात, "ऐकता काय?"

इथं "सगळंच" म्हणून सांगायचं नाही. तसं म्हटलं की काका उठून पाणी प्यायला जातात आणि लवकर परत येत नाहीत.

काका एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक. नुसतं इंजिन ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे म्हणे. आता त्यांच्या ट्रंकेत सहा हेडफोन आहेत, जुन्या गमज्यात गुंडाळलेले. सगळे दोन-तीन हजारांतले. "हजाराच्या आतला कान बिघडवतो," काका म्हणतात, "आन् धा हजाराचा घर."

मला हवा होता गजलांसाठी. आमच्या घरी संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका चालतात. मी मोबाईलवर गजल लावली की त्या आतून विचारणार, "काय गं, कुणी गेलं का? लईच रडून राहिला तो!" शाळेतली पोरं सांभाळून आलेल्या बाईनं जावं तरी कुठं?

"गजलेला," काका डोळे मिटून म्हणाले, "गाणारा कानात घुसला न्हाई पाहिजे. समोर सतरंजीवर बसला पाहिजे. कव्वालीचं अलग. तिथं टाळी भरून यावी, पण टोचू नाई. ढोलाला खालचा आवाज दमदार लागतो, पर तो गाणाऱ्याच्या उरावर बसला की संपलं."

"मग माझ्यासाठी कुठला?"

"दम धरा, मॅडम."

हे त्यांचं पालुपद. रिक्षावाल्याला दम धरा, दूधवाल्याला दम धरा, आभाळात ढग आले तरी दम धरा. हेडफोन डोक्यावर चढवला की कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत काढायचा नाही, हा त्यांचा नियम. स्वयंपाकघरात वरण शिजतंय आणि बैठकीत गिऱ्हाईक मुकाट बसलंय! चष्म्याच्या दांडीवर दाब पडून कान दुखला, तर तो हेडफोन बाद.

तेवढ्यावर सुटका नसते. शेवटी काका स्वतःच्या मोबाईलवर एक जुनं रेकॉर्डिंग लावतात. भोकरकडच्या त्यांच्या गावात जयंतीला गायन पार्टीचा कार्यक्रम झाला होता, त्याची कॅसेट मोबाईलमध्ये भरून घेतलेली. पेटी वाजवायला स्वतः काका. ती पेटी अशी दणदणीत, की बाकीची पार्टी शेजारच्या गावात बसून गातेय असं वाटावं. आणि काका विचारणार, "मागच्या रांगेत कडंची बाई ऐकू येती का?"

नाही ऐकू येत. कुणालाच नाही. सहा हेडफोन घेतले ते त्या एका आवाजासाठी, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. सुटका व्हावी म्हणून मीसुद्धा एकदा "हाव, आली की" म्हणून टाकलं. काकांनी लगेच पकडलं, "कव्हा आली? पयल्या कडव्यात का दुसऱ्या?"

शेवटी त्यांनी माझ्यासाठी पाठीकडून जाळी असलेला, उघडा हेडफोन मागवायला लावला. मी वैतागले. "अहो, यातला आवाज बाहेर जातो! सासूबाईंना सगळं ऐकू येईल."

"येऊ द्या. त्यांचंबी भलं होईल."

हेडफोन आला त्या दुपारी काकांच्या बैठकीत पंखा सावकाश फिरत होता. पडदा फुगायचा, परत भिंतीला टेकायचा. गजल लावली आणि काय सांगू, तो माणूस खरंच समोर येऊन बसला. त्याच्यामागे लिंबाची सावली हलत होती. कुकर कधी थांबला, मला कळलंच नाही. काकांनी हळूच त्यांचं रेकॉर्डिंग लावलं, तेही मी त्याच गुंगीत ऐकत राहिले.

आज पेटी जरा बाजूला सरकली होती. मागे टाळ्या होत्या, बायका होत्या. धृपदाची ओळ सगळ्यांनी संपवली, आणि संपल्यावर एक बारीक आवाज आला. एकटाच.

"काका," मी डोळे न उघडताच म्हणाले, "एक बाई आहे. सगळ्यांचं म्हणून झालं की मग येते. उशिरा."

डोळे उघडले तर काका भिंतीला टेकलेले.

"सुमन हाय ती," ते म्हणाले. "कायम मागून यायची. मी लई चिडायचो. चारचौघांत बोललो तिला, ताल न्हाई तुला मनून. तवा गुर्मी व्हती. त्या दिवशी माईकबी मीच उचलून माज्या पेटीपाशी ठिवला."

सुमनकाकूंना मी पाहिलेलं नाही. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा भिंतीवर फोटोच होता. सगळ्यांना दम धरायला सांगणाऱ्या या माणसाला एका माणसाकरता दम धरता आला नव्हता.

मी हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. गाणं पहिल्यापासून लावलं. काकांची बोटं मांडीवर पेटीचे सूर दाबू लागली. धृपद आलं, बोटं थांबली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला राहवेना.

"काका, आवाज वाढवू का?"

त्यांनी हात वर केला.

"दम धरा, मॅडम. तिला यायला जरा येळ लागतो."